दहापैकी दहा

आमच्या घरात समाधानाला मार्क देण्याची पद्धत नव्हती. आमटी चांगली झाली तर वडील "बरी झालीय" म्हणत. फारच चांगली झाली तर काहीही न बोलता वाटी पुढे करत. बिघडली तर "आज मीठ स्वस्त झालं वाटतं बाजारात" एवढंच म्हणत. आईला तेवढ्यावरून सगळा निकाल कळत असे. मराठीत 'बरं' ही स्तुतीची वरची पायरी आहे. त्याच्या वर जाऊन 'अप्रतिम' वगैरे म्हणणारा माणूस एकतर पाहुणा असतो, नाहीतर उसने पैसे मागायला आलेला असतो. शाळेत निबंधाला आमचे सर दहापैकी सातच्या वर कधी चढले नाहीत. "आठ मलाही कधी मिळाले नव्हते, तुला कुठून देऊ?" असं ते विचारत, आणि आम्हालाही ते पटत असे.

अशा संस्कारांत वाढलेल्या डोंबिवलीच्या माणसाने चाळिशी उलटल्यावर गाडी घेतली आणि तिसऱ्याच दिवशी त्याला कुणी फोनवरून विचारलं, "सर, तुमच्या समाधानाला दहापैकी किती?" तर त्याचं काय होणार?

गाडी घेतली ती आईच्या गुडघ्यांसाठी. निदान सौ.ने तसं जाहीर केलं. "अहो, आईंना रिक्षात चढवत नाही आता," असं ती म्हणाली, तेव्हा आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की या गुडघेदुखीची तिलाही नुकतीच बातमी लागली असावी. ते असो. ठाण्याच्या एका शोरूममध्ये आम्ही तिघं गेलो. काचेचं दार आपोआप उघडलं. आमच्या बँकेचं दार ढकलून उघडावं लागतं, आणि त्यावर 'ओढा' असं लिहिलेलं आहे.

आमच्या वाट्याला आलेला विक्रेता पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा होता. टिटवाळ्याहून लोकलने यायचा. त्याच्याकडे स्वतःची सायकलही नव्हती, पण गाडीबद्दल तो अशा जिव्हाळ्याने बोलत होता की तिला सासरी पाठवताना त्याचे डोळे भरून येतील असं वाटावं. पैसे भरेपर्यंत मी 'सर' होतो. पैसे भरल्यावर 'काका' झालो. नातं इतक्या झपाट्याने जवळ आलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मी कुठलंही बिल खालून वर वाचतो. त्यात 'हँडलिंग चार्जेस' अशी एक जाडजूड रक्कम सापडली. "हँडल कोण करतं आणि कोणाला?" एवढंच मी विचारलं. मुलगा आत गेला आणि दोन मिनिटांनी ती ओळ नसलेलं नवीन बिल घेऊन बाहेर आला. नुसतं कारण विचारल्याबरोबर जी रक्कम नाहीशी होते तिला काय म्हणतात, हे बी.कॉम.च्या पुस्तकात दिलेलं नव्हतं. आता वाटतं, द्यायला हवं होतं.

गाडी ताब्यात घेण्याचा सोहळा तर मुंजीसारखा झाला. गाडीवर लाल चकचकीत कापड झाकलेलं. मी एका टोकाला, सौ. दुसऱ्या टोकाला. कापड ओढलं, टाळ्या झाल्या. केक कापला, त्यावर आमचं आडनाव चुकलेलं. पुठ्ठ्याची दीड हात लांब किल्ली हातात देऊन फोटो काढला. सौ.ने चाकांखाली लिंबं ठेवली, कुंकू लावलं आणि नारळ काढला. इथे सगळे गोंधळले, कारण फरशी परदेशी होती. शेवटी मागच्या बाजूला, वॉचमनच्या नळाजवळ, आमच्या गाडीचा नारळ गाडीपासून तीस पावलांवर फुटला.

निघताना मुलाने खिडकीत वाकून हळूच सांगितलं, "काका, दोन-तीन दिवसांत कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा द्या हं. नऊ दिलेत तरी माझ्यासाठी नापासच. इन्सेंटिव्ह जातो."

नऊ मार्क म्हणजे नापास! आमच्या वेळी साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास मिळायचा आणि पेढे वाटले जायचे. पण त्याचा चेहरा पाहून मी दहा दिले. मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाने आयुष्यात दिलेले ते पहिले दहा.

आमच्या वडिलांच्या पिढीला असं कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा परीक्षा गिऱ्हाइकाची असे. बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत. मुलाच्या जन्माच्या वेळी लावलेला नंबर त्याच्या मुंजीला लागला तरी पेढे ठेवत. मारुतीसाठी तर दहा हजार रुपये आगाऊ भरून लाखाच्या वर लोकांनी नावं नोंदवली, आणि १४ डिसेंबर १९८३ ला पहिली किल्ली खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हातून दिली गेली. ज्या मालाची किल्ली पंतप्रधान देतात, त्याबद्दल समाधान आहे का हे विचारण्याची काय गरज?

आमच्या भागात तर याचा खास इतिहास आहे. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या प्रीमियरच्या कारखान्यात १९९४ च्या सुमाराला 'प्यूजो ३०९' ही फ्रेंच गाडी बनायला लागली. त्या नावाचा उच्चार कसा करायचा यावर डोंबिवलीत नाक्यानाक्यावर वाद होत. पण फ्रान्सची गाडी आणि पत्ता आपला, याचा अभिमान सगळ्यांनाच होता. मग कामगारांचे तंटे झाले, भागीदारांचं बिनसलं आणि तीन-चार वर्षांत सगळा डाव मोडला. आगाऊ रक्कम भरून बसलेले लोक पैशांच्या मागे धावत राहिले, आणि ज्यांना गाडी मिळाली ते सुट्या भागांच्या मागे. त्यांना 'दहापैकी किती?' असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर जे उत्तर मिळालं असतं ते आकड्यात नसतं.

तेव्हा कुणी विचारतं आहे, ही सुधारणाच आहे, हे मी आधी मान्य करतो. ती फुकट झालेली नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, १९९३ साली मोटारींच्या उत्पादनावरची परवान्याची अट गेली. दुकानं वाढली तशी गिऱ्हाइकाची किंमत वाढली. अमेरिकेत जे. डी. पॉवर नावाच्या गृहस्थांनी १९६८ साली घरच्या टेबलावर बसून गाडीवाल्यांची मतं गोळा करायचा धंदा सुरू केला होता, तो आपल्याकडेही आला. त्यांची परीक्षा हजार मार्कांची. विक्रीनंतरच्या सेवेत मारुतीने २००० पासून सलग पंधरा वर्षं पहिला नंबर सोडला नाही. आमच्या वर्गात एक मुलगी अशीच होती. २००३ साली फ्रेड रायकेल्ड या दुसऱ्या अमेरिकन माणसाने सगळं आणखी सोपं केलं: एकच प्रश्न विचारा, 'आमची शिफारस इतरांना कराल का?' नऊ-दहा देणारे चाहते, सात-आठवाले तटस्थ आणि सहा किंवा त्याहून कमी देणारे निंदक. म्हणजे आमचे निबंधाचे सर, ज्यांनी आयुष्यभर चांगल्या मुलांना सात दिले, ते तटस्थ. आणि वडील तर सरळ निंदकांत जमा. ज्या माणसाने चाळीस वर्षं एकाच बायकोच्या हातची आमटी वाटी पुढे करून खाल्ली, तो!

इथवर ठीक होतं. माझी मुख्य तक्रार पुढे सुरू होते. दीड महिन्याने गाडी आवाज करायला लागली. डाव्या पुढच्या चाकातून 'किर्रर्र'. वेग असला की गप्प, गाडी हळू झाली की सुरू. आई मागे बसून म्हणाली, "रातकिडा शिरलाय." सौ. म्हणाली, "पहिली फुकट सर्व्हिसिंग आहेच, दाखवून घ्या."

कल्याणकडच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथलं प्रतीक्षागृह आमच्या हॉलपेक्षा मोठं आणि थंड. कॉफी आली. सल्लागार म्हणून एक चुणचुणीत मुलगी आली. तिने तक्रार लिहून घेतली: 'आवाज – ग्राहकाच्या म्हणण्यानुसार.' ही शब्दरचना मला फार आवडली. तिच्यात आवाज आहेही आणि नाहीही. संध्याकाळी गाडी मिळाली ती आंघोळ घातलेल्या बाळासारखी. आतून अत्तराचा वास. "सर, सगळं चेक केलंय. फोन आला तर दहा द्या प्लीज." मी तिथेच, गाडी चालवून बघायच्या आधी, दहा दिले. गेटबाहेरच्या पहिल्याच गतिरोधकावर रातकिडा ओरडला.

आता थोडी साहित्य-समीक्षा. कारण ते समाधानाचं पत्रक नंतर मी घरी नीट वाचलं, आणि समीक्षा करण्याइतकं ते नक्कीच सखोल आहे. एकूण सोळा प्रश्न. आल्यावर किती मिनिटांत स्वागत झालं? पेय विचारलं का? बसायची जागा स्वच्छ होती का? सल्लागाराने तुमचं नाव घेऊन हाक मारली का? गाडी धुतलेली होती का? लेखकाची शैली ओघवती आहे, गिऱ्हाइकाचं मन त्याने बरोबर ओळखलं आहे, आणि कॉफीचं वर्णन तर प्रत्ययकारी. 'ज्या कामासाठी गाडी आणली ते झालं का?' हा प्रश्नही आहे, नाही असं नाही. तो चौदावा आहे. तेरा वेळा आदरातिथ्याची उजळणी झाल्यावर तो येतो. लग्नात पोटभर जेवल्यावर हात धुताना कुणी विचारावं, "नवरामुलगा पसंत आहे ना?" तसं. नाही म्हणायची हिंमत कोणाला होते?

दुसरा दोष पात्रयोजनेचा. स्वागत करणारी मुलगी आहे, सल्लागार आहे, पैसे घेणारा कॅशियर आहे, पण ज्याने गाडीखाली झोपून काम केलं तो माणूस पत्रकात कुठेच नाही. काचेपलीकडे 'ग्राहकांना प्रवेश नाही' अशी पाटी आहे, तिच्या आत तो राहतो. रामायण लिहून त्यातून मारुतीच वगळावा असा हा प्रकार आहे.

तिसरा दोष मात्र गंभीर आहे, आणि तो मला दुसऱ्या खेपेला कळला.

दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा मॅनेजरने पडदा माझ्याकडे वळवला. "सर, रेकॉर्डप्रमाणे तुम्ही पूर्ण समाधानी आहात. दहापैकी दहा." तिथे माझं नाव, तारीख आणि वेळ होती. मी गप्प. वीस वर्षं काउंटरवर बसून मी लोकांना हेच सांगत आलोय, "काका, सही तुमचीच आहे ना?" माल न बघता पोच देऊ नये, हे ज्याने दिवसातून दहा वेळा सांगायचं, त्यानेच आवाज न ऐकता पावती फाडली होती. गाडी पुन्हा ठेवून घेतली, पुन्हा धुतली, आणि रातकिडा पुन्हा आमच्याबरोबर डोंबिवलीला आला. त्या रात्री फोन आला तेव्हा मी रागाने चार दिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या सल्लागार मुलीचा फोन. आवाज दाटलेला. "सर, चार दिलेत? मी तर तुमची तक्रार दोन्ही वेळा लिहून दिली होती. आत एका गाडीला ठरलेला वेळ असतो, तेवढ्यात त्यांना सापडलं नाही. माझा या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला." तिने भांडण केलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मी हातात फोन धरून बाल्कनीत उभा राहिलो. सौ.ने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "चार मार्क दिले." "कोणाला?" तिने विचारलं, आणि मला उत्तर देता येईना.

कारण खरंच, कोणाला? दहा दिले तेव्हा मला त्या मुलीच्या धडपडीला द्यायचे होते, ते आवाजाच्या नावावर जमा झाले. चार दिले ते आवाजाला द्यायचे होते, ते मुलीच्या नावावर खर्ची पडले. दोन्ही वेळा नोंद चुकीच्या खात्यात. आमच्या बँकेत अशी चूक झाली तर संध्याकाळी ताळा जमत नाही आणि सगळी शाखा बसून राहते. इथे मात्र ताळा रोज जमतो, कारण आवाजाचं खातंच उघडलेलं नाही. आकडा चुकीवर जाऊन बसत नाही, समोर जो माणूस असतो त्याच्या पगारावर जाऊन बसतो. आणि हे गिऱ्हाइकाला माहीत असल्यामुळे तो समाधानाला मार्क देतच नाही. तो दयेला देतो, नाहीतर रागाला.

हा शोध माझा नाही. बँक ऑफ इंग्लंडमध्ये चार्ल्स गुडहार्ट नावाचे अर्थतज्ज्ञ होते, त्यांनी १९७५ सालीच अशा अर्थाचं म्हणून ठेवलं आहे की, जे मोजमाप आपण हुकूम चालवायला वापरायला लागतो ते मोजायच्या कामाचं राहत नाही. आम्हा बँकवाल्यांना हे पटवून द्यावं लागत नाही. ठेवींचं टार्गेट दिलं की ३१ मार्चला शाखेच्या ठेवी फुगतात आणि एप्रिल लागला की ओसरतात. साहेबांनाही माहीत असतं, साहेबांच्या साहेबांनाही. पण एक दिवस पाहुणे म्हणून आलेले ते पैसे अहवालात कायमचे राहतात.

तिसऱ्या खेपेला मी कॉफी नाकारली. त्या मुलीने इकडेतिकडे पाहिलं आणि मला काचेच्या दारातून आत नेलं. आत पन्नाशीचे एक मेकॅनिक होते, कपड्यांवर ग्रीसचा नकाशा. मला बघून म्हणाले, "चला मालक, बसा बाजूला. मला ऐकवा." आम्ही वर्कशॉपच्या आवारातच एक चक्कर मारली. वळणावर 'किर्रर्र' झालं. ते हसले. "कुठून येता रोज?" म्हटलं, शीळ रस्त्याने. "मग बरोबर." चाक काढलं. ब्रेकच्या चकतीमागे पत्र्याची एक ढाल असते. चकती आणि ढाल यांच्यामध्ये एक खडा अडकला होता. दोन मिनिटांत काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. शेंगदाण्याएवढा. आमच्या रस्त्यांचं खोदकाम किती वर्षं चाललंय हे तुम्हाला माहीत आहेच. त्या खोदकामाचा एक हप्ता मी दीड महिना फुकट वाहून नेत होतो.

म्हटलं, "आधी का नाही सापडलं?" ते म्हणाले, "आमच्यापर्यंत कागद येतो मालक. कागदाला आवाज नसतो." एवढं बोलून ते दुसऱ्या गाडीखाली गेले. या सगळ्या प्रकरणावर मी वाचलेली ही सर्वांत चांगली समीक्षा, आणि ती करणाऱ्या माणसाचं नाव पत्रकात नाही.

घरी येऊन मी कंपनीला मराठीतून दोन पानी पत्र लिहिलं. त्या मुलीचा कापलेला इन्सेंटिव्ह परत द्यावा, चौदावा प्रश्न पहिला करावा, आणि गाडी दुरुस्त करणाऱ्याला गिऱ्हाइकाशी पाच मिनिटं बोलू द्यावं, अशा तीन सूचना केल्या. उत्तर लगेच आलं, यंत्राने पाठवलेलं: 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. अभिप्राय देण्याचा आपला अनुभव कसा होता? एक ते दहामध्ये मार्क द्या.'

दुसऱ्यावर हसताना आपलंही पाहावं. बँकांच्या ग्राहकसेवेवर १९७५ साली तलवार समिती बसली, १९९० साली गोइपोरिया समिती बसली आणि त्यानंतरही बऱ्याच बसल्या. समित्या बसल्या म्हणून गिऱ्हाईक काही कमी वेळ उभं राहिलं असं मला आठवत नाही. आमच्या भिंतीवर ग्राहकाच्या थोरवीचं ते वचन आहे, गांधीजींच्या नावावर खपणारं आणि त्यांच्या लेखनात अजून कुणाला न सापडलेलं. त्याच्याखाली हल्ली हसऱ्या, गंभीर आणि रडक्या चेहऱ्यांची तीन बटणं बसवली आहेत. परवा एक पेन्शनर आजी आल्या. पासबुकात तीन महिन्यांच्या नोंदी उमटत नव्हत्या. एरवी मी "मशीन बंद आहे, उद्या या" म्हणालो असतो. कोण जाणे का, उठलो, आत जाऊन पासबुक भरून आणलं, आणि न आलेल्या एका व्याजाची चौकशीही केली. आजींनी चष्मा लावून सगळ्या नोंदी पाहिल्या, पासबुक पिशवीत घातलं आणि म्हणाल्या, "बरं केलंस बाबा." बटणाकडे त्यांनी पाहिलंही नाही. आमच्या शाखेचा त्या दिवसाचा निकाल शून्य लागला.

वर्कशॉपचा फोन रात्री आला. "सर, या वेळचा अनुभव कसा होता?"

"बरं झालं काम," मी म्हटलं.

"सर, नंबरमध्ये सांगा ना."

"अहो, बरं म्हणजे बरंच."

पलीकडे थोडा वेळ शांतता. त्यांच्या पडद्यावर त्या नावाचं बटण नसावं. मग मला ती सल्लागार मुलगी आठवली आणि मी मुकाट्याने म्हटलं, "दहा लिहा."

खडा मी सौ.ला दाखवायला टेबलावर ठेवला होता. तिने तो सकाळी तुळशीत टाकला.